एक पत्ता, दोन दारे

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साखळीतली कडी हा एक, आणि कुणी मनापासून दिलेला आशीर्वाद हा दुसरा. इंटरनेटवरच्या लिंकला आपण दुवा म्हणू लागलो ते अर्थात पहिल्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाचा अनुभव तिथे क्वचितच येतो! आज मला बोलायचे आहे ते या दुव्याविषयी, आणि तो कोणत्या ब्राउझरमध्ये उघडावा हे आपल्या हाती देणाऱ्या काही लहानशा जोडण्यांविषयी.

श्रोतेहो, ब्राउझर म्हणजे काय हे सांगत बसण्याचे दिवस आता राहिले नाहीत. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही नावे शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. पण एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नसते. ती ही, की दुवा कोणत्याही ब्राउझरच्या मालकीचा नसतो. दुव्यात असते तरी काय? नुसता पत्ता. आधी बोलण्याची रीत, म्हणजे ते ‘एचटीटीपीएस’. मग संकेतस्थळाचे नाव. मग त्याच्या आतल्या पानाची वाट. पोस्टाच्या पाकिटावर आपण नाव, गल्ली, गाव, जिल्हा लिहितो. पोस्टमनने सायकलवरून यावे की पायी, हे काही आपण त्यावर लिहीत नाही. तसेच हे.

मग अडते कुठे? अडते ते असे, की फायरफॉक्समध्ये दिसलेल्या दुव्यावर टिचकी मारली की तो फायरफॉक्समध्येच उघडतो, आणि क्रोममधला क्रोममध्ये. दुवा एखाद्या वेगळ्या प्रोग्राममधून आला, समजा टपालाच्या, तर संगणक तो ‘डिफॉल्ट’ म्हणून नेमलेल्या ब्राउझरकडे पाठवतो. दोन्ही वेळा त्या क्षणी तुम्हांला कुणी विचारत नाही. आपणच तो पत्ता उचलायचा, दुसरा ब्राउझर उघडायचा, तिथे तो चिकटवायचा. एकदा-दोनदा ठीक आहे. दिवसातून तीस वेळा करावे लागले म्हणजे माणूस मेटाकुटीला येतो.

यावरची तोड म्हणजे ॲड-ऑन, अथवा आताचा शब्द वापरायचा तर एक्स्टेन्शन. ब्राउझरला बाहेरून जोडायचा हा एक छोटा प्रोग्राम. तो बसवला की दुव्यावर माऊसचे उजवे बटण दाबल्यावर जी यादी उघडते तीत एक ओळ वाढते: अमुक ब्राउझरमध्ये उघडा. फायरफॉक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांना ‘ओपन विथ’ नावाचे असे ॲड-ऑन परिचयाचे आहे. काही ॲड-ऑन तर याहून पुढे जातात. तुम्ही एकदा संकेतस्थळांची यादी करून ठेवा. त्या यादीतले स्थळ आले की ते न विचारता दुसऱ्या ब्राउझरकडे रवाना होते.

तुम्ही म्हणाल, एकाच घराला दोन दारे हवीत कशाला? एक ब्राउझर पुरत नाही का? पुरायला हवा होता, खरे आहे. परंतु याला थोडा इतिहास आहे.

नेटस्केपचा ब्राउझर आला तो १९९४ च्या डिसेंबरात. पुढच्या वर्षी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये, मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर काढला. दोघांची चढाओढ लागली आणि प्रत्येकाने आपापल्या खास सोयी घालायला सुरुवात केली. संकेतस्थळे बांधणारे त्या काळी पानाच्या तळाशी पाटी लावीत, की हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसते. पत्ता सर्वांचा, पण आत प्रवेश मात्र एकाच दाराने! २००२-०३ च्या सुमारास ही चढाओढ संपल्यातच जमा होती. दर शंभर माणसांत नव्वदांहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते, आणि बांधणाऱ्यांनी इतरांची पर्वा करण्याचे सोडून दिले. अशा वेळी, २००४ च्या ९ नोव्हेंबरला, फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर आली. लोकांना ती आवडली, पण वापरावी तर रोजची निम्मी कामे अडायची. तेव्हा ‘आयई व्ह्यू’ आणि ‘आयई टॅब’ ही ॲड-ऑन निघाली. पहिले दुवा उचलून एक्सप्लोररकडे पाठवी. दुसऱ्याची करामत मोठी गमतीची होती. ते फायरफॉक्सच्याच एका टॅबमध्ये एक्सप्लोररचे अंतरंग आणून बसवी. बाहेरून एका घराण्याचा, आत दुसऱ्याच घराण्याचा संसार!

ही गोष्ट परदेशातलीच आहे असे समजू नका. त्या काळातल्या मराठी वाचकालाही तिची झळ चांगलीच लागली आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, पण आपली अनेक वृत्तपत्रे इंटरनेटवर आली ती आपापल्या खास फॉन्टांनिशी. त्या फॉन्टांत ‘क’च्या जागी आतून एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे, वर देवनागरीचा मुखवटा. मुखवटा वाचकाच्या संगणकावर नसेल तर काय दिसणार? रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. म्हणून पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठवण्याची युक्ती निघाली. पण ज्या प्रकारचा फॉन्ट त्यासाठी सर्रास वापरला जाई, तो मायक्रोसॉफ्टचा ‘ईओटी’ प्रकार, आणि तो उमगे फक्त इंटरनेट एक्सप्लोररला. अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणारा मराठी माणूस सकाळी चहाबरोबर गावाकडची बातमी वाचायला बसे, आणि फायरफॉक्समध्ये त्याला काला दिसे. त्याच्यासाठी उजव्या बटणाच्या यादीतली ती एक ओळ म्हणजे खरोखरच दुवा होती, दोन्ही अर्थांनी. पुढे ‘पद्म’ नावाचे एक ॲड-ऑन आले. त्याने वेगळाच मार्ग धरला. दुसऱ्या ब्राउझरकडे न जाता ते जागच्या जागी त्या खास फॉन्टांतल्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. माझ्या मते हा मार्ग अधिक सरळ होता. वाचकाला दुसऱ्या दाराशी पाठवण्यापेक्षा इथेच वाचता येईल असे करावे, हे केव्हाही चांगले. पण ते करणे कठीण असते, आणि दुसरे दार दाखवणे सोपे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेचा कायदा परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांना बळकट कुलूप घालू देत नसे. कोरियाने म्हणून बँकव्यवहारासाठी ‘सीड’ नावाची स्वतःची गुप्तलेखनाची पद्धत तयार केली. ती ब्राउझरमध्ये चालावी म्हणून आधार घेतला मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्हएक्स’ या तंत्राचा. अमेरिकेने निर्बंध २००० मध्ये सैल केले, पण कोरियातली सवय तशीच राहिली. बँक, खरेदी, सरकारी कामे, सगळे इंटरनेट एक्सप्लोररच्या दाराने. २०१४ च्या मार्चमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी एका बैठकीत तक्रार केली. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ ही दूरदर्शन-मालिका चीनमध्ये गाजत होती. तिच्या नायिकेने घातलेला कोट चिनी प्रेक्षकांना विकत घ्यावासा वाटे, पण कोरियन दुकानांच्या संकेतस्थळांवर हे ॲक्टिव्हएक्स आणि प्रमाणपत्रांचे जंजाळ असल्याने त्यांना तो घेता येईना. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभे, आणि दार उघडत नाही! सरकारमान्य प्रमाणपत्रांचा तो एकाधिकार संपला २०२० च्या डिसेंबरात. सोय म्हणून लावलेली खुंटी किती वर्षे निघत नाही, पहा.

आपल्याकडच्या कचेऱ्यांतही याचा अनुभव आहे. आमच्या महाविद्यालयाला एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर दर वर्षी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची माहिती भरून शेवटी डिजिटल सही करावी लागे. सही उमटे ती ‘जावा’च्या एका प्लगइनमधून. २०१५ च्या सप्टेंबरात क्रोमने असली प्लगइन चालवणे पूर्णपणे बंद केले. फायरफॉक्सनेही २०१७ च्या मार्चमध्ये, फ्लॅशचा अपवाद सोडून, तेच केले. करणे योग्यच होते, कारण त्या प्लगइनमधून चोर शिरत. पण कार्यालयाचे स्थळ होते तसेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आमचे हेडक्लार्क सांगत आले, “सर, सगळं भरून झालं, पण सही काही इथं होईना. त्याला ते जुनं निळं ‘ई’च लागतं.” मी विचारले, “मग भाऊसाहेब, तेच पान त्या ‘ई’मध्ये उघडा की!” तर म्हणाले, “उघडलं हो. पण ते मला ओळखतच नाही. पुन्हा नाव विचारतंय, पुन्हा पासवर्ड मागतंय. आणि भरलेलं सगळं कोरं!” एकशे बारा मुलांचे अर्ज, आणि घड्याळात साडेतीन झालेले.

भाऊसाहेबांचे म्हणणे तंतोतंत खरे होते, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्यातच आहे. ॲड-ऑन दुसऱ्या ब्राउझरकडे पाठवते तो फक्त पत्ता. तुमची ओळख पाठवत नाही. आपण एखाद्या स्थळावर नाव-पासवर्ड देऊन आत शिरतो तेव्हा ते स्थळ आपल्या ब्राउझरजवळ एक चिठ्ठी ठेवते. तिला ‘कुकी’ म्हणतात. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि पान उघडते. ही चिठ्ठी ज्याची त्याच्यापाशी. फायरफॉक्सच्या खिशातली चिठ्ठी क्रोमला मिळत नाही, एक्सप्लोररला मिळत नव्हती. शिवाय अर्जात भरलेला मजकूर बहुधा पत्त्यात नसतोच. तो वेगळ्या वाटेने जातो. तेव्हा अर्ज अर्धा भरून झाल्यावर मधल्याच पानाचा पत्ता दुसरीकडे नेला तर हाती कोरे पान येणार. एकदाच चालणाऱ्या दुव्यांचे तर आणखी नाजूक. पासवर्ड बदलण्यासाठी आलेला दुवा एका ब्राउझरमध्ये वापरून झाला, की दुसऱ्यात तो पुष्कळदा मेलेला असतो.

म्हणून रीत अशी ठेवावी, की अशा स्थळांसाठी एकेक दुवा न पाठवता सबंध स्थळच दुसऱ्या ब्राउझरच्या यादीत घालावे, म्हणजे नाव-पासवर्डाच्या पहिल्या पानापासूनच आपण योग्य दाराने आत जातो. त्या दिवशी आम्ही तेच केले. पहिल्या पानापासून एक्सप्लोररमध्ये शिरलो, दोन टंकलेखक कामाला बसवले, आणि पाचच्या आत सही उमटली. गूगलने मोठ्या कचेऱ्यांसाठी ‘लेगसी ब्राउझर सपोर्ट’ म्हणून जी सोय काढली तिचे तत्त्व हेच आहे. व्यवस्थापकाने एक यादी करायची. यादीतली स्थळे आपोआप दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडतात. आधी हे एक्स्टेन्शन होते, नंतर ते क्रोममध्येच मुरवले गेले. त्या निळ्या ‘ई’चे म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले. ज्या कचेऱ्यांचे अजून त्यावाचून चालत नाही त्यांच्यासाठी एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, आणि तो निदान २०२९ पर्यंत राखण्याचे कंपनीने सांगितले आहे. म्हणजे आयई टॅबची ती करामत आता खुद्द मायक्रोसॉफ्टच्या घरात नांदते आहे.

आता थोडे यंत्राच्या पोटात डोकावू. पूर्वीची फायरफॉक्सची ॲड-ऑन फार सामर्थ्यवान असत. ब्राउझरला जे करता येई ते त्यांना करता येई. संगणकावरचा दुसरा कोणताही प्रोग्राम चालू करणे हे त्यांच्या डाव्या हातचे काम. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती निघाली आणि ती जुनी पद्धत मोडीत निघाली. आता एक्स्टेन्शन ब्राउझरच्या कुंपणात राहते. बाहेरचा प्रोग्राम ते स्वतः चालू करू शकत नाही. क्रोममध्ये हा नियम आधीपासूनच होता. अनेकांची आवडती ॲड-ऑन त्या दिवशी बंद पडली आणि लोकांनी बराच त्रागा केला. मला मात्र हे कुंपण योग्य वाटते. कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर हवे ते चालवू शकतो, ही काही सुखाने झोपण्यासारखी गोष्ट नव्हे.

मग आजची ‘ओपन विथ’सारखी ॲड-ऑन दुसरा ब्राउझर उघडतात कशी? कुंपणाला एक फाटक ठेवले आहे. त्याचे नाव ‘नेटिव्ह मेसेजिंग’. तुम्ही एक्स्टेन्शनखेरीज आणखी एक छोटा मदतनीस प्रोग्राम आपल्या हाताने संगणकावर बसवायचा. त्याच्यासोबत एक परवाना-पत्रक असते. या मदतनिसाशी कोणत्या एक्स्टेन्शनने बोलावे, ते त्यात नावानिशी लिहिलेले असते. एक्स्टेन्शन ब्राउझरमार्फत त्याला निरोप धाडते, ‘हा पत्ता घे आणि अमक्या ब्राउझरमध्ये उघड’, तो उघडतो. म्हणून असे ॲड-ऑन बसवल्यावर ते ‘मदतनीस सापडत नाही’ म्हणून अडून बसले तर ते बिघडले असे समजू नये. अर्धेच काम झालेले असते. दुसरी एक आडवाट आहे. विंडोजवर पत्त्याच्या आधी ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ हा शब्द आणि विसर्गासारखे ते दोन ठिपके लावले की विंडोज तो पत्ता एजकडे सोपवते. इथे मदतनीस लागत नाही, पण हे सगळ्या ब्राउझरांबाबत जमत नाही.

फाटक म्हटले की द्वारपाल आला, आणि द्वारपाल पारखून घ्यावा लागतो. एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर विचारतो, की याला सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू द्यावी काय? आपण भराभर ‘हो’ म्हणून मोकळे होतो. नुसते उजव्या बटणाच्या यादीतून एक दुवा पाठवायचा तर एवढ्या मोठ्या परवानगीची फारशी गरज नसते. स्थळांची यादी पाहून आपोआप वळवणाऱ्याला थोडी अधिक लागते, हे मान्य. तरी, मागणी कामाच्या मानाने अवाच्या सवा असेल तर नकार द्यावा. आणि आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याच्या हाती जाते, हेही घडलेले आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे क्रोमचे एक एक्स्टेन्शन होते. त्याचे काम वेगळे होते, वापरात नसलेल्या टॅब निजवून ठेवण्याचे. लाखो लोकांच्या विश्वासातले. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक म्हणून काढून टाकले. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही नवे केले नव्हते. घर तेच, कुलूप तेच; किल्ली मात्र भलत्याच्या हाती गेली होती.

आता एक्सप्लोरर गेला, फॉन्टांचा घोळ बराचसा मिटला, मग दोन ब्राउझरांची गरज संपली का? मला तसे वाटत नाही. कारण मात्र पालटले. पूर्वी स्थळ आपल्याला दुसऱ्या दाराने यायला लावी. आता शहाणा माणूस आपणहून दोन दारे ठेवतो. बँक, पगार, प्राप्तिकर यांसाठी एक ब्राउझर, ज्यात जवळजवळ एकही एक्स्टेन्शन नाही. बाकीच्या भटकंतीसाठी दुसरा. चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्यापाशी राहतात असे मघाशी सांगितले. भाऊसाहेबांना जी अडचण झाली तीच इथे आपल्या उपयोगी पडते. जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या भटकंतीच्या ब्राउझरमध्ये राहतात, बँकेच्या खोलीत शिरत नाहीत. फायरफॉक्समध्ये ‘कंटेनर’ नावाची सोय आहे, तिने एकाच ब्राउझरमध्ये अशा वेगळ्या खोल्या करता येतात. मात्र एक पथ्य पाळावे. टपालातून किंवा संदेशातून आलेला बँकेचा दुवा ॲड-ऑनने त्या राखीव ब्राउझरकडे कधीही पाठवू नये. तिथे बँकेचा पत्ता आपल्या हाताने लिहावा किंवा आधी जपून ठेवलेला वापरावा. नाहीतर ठकांनी पाठवलेला खोटा पत्ता आपणच सोवळ्यात नेऊन ठेवल्यासारखे होईल.

राहता राहिला मोबाइल. आमच्या विद्यार्थ्यांचे जवळजवळ सगळे वाचन तिथेच चालते. तिथे ही ॲड-ऑन फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि गरज तर तिथेच अधिक! फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधला दुवा दाबला की तो आपल्या ब्राउझरमध्ये न उघडता त्या ॲपच्या आतल्याच खिडकीत उघडतो. फेलिक्स क्राऊस या संशोधकाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये दाखवून दिले, की अशा आतल्या खिडक्या समोरच्या पानात स्वतःचा प्रोग्राम मिसळतात. म्हणजे पान महाविद्यालयाचे असो की दुकानाचे, खिडकीचा मालक डोकावू शकतो. परीक्षेचा अर्ज किंवा पैशाचा व्यवहार अशा खिडकीतून करू नये. कोपऱ्यात तीन ठिपके असतात. ते दाबले की बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याची ओळ सापडते. अर्जाला हात घालण्याआधी, अगदी पहिल्या पानावरच, ती निवडावी.